विझल्यानंतरची चाळीस मिनिटं

७ ऑगस्ट, सोमवार

आज सदतिसावी आग लावली. संगणकातली. एक तुळई, एक खांब, मधे जाड पोलादी पट्टी आणि सहा बोल्ट. तीन वर्षं एवढाच माझा संसार आहे. त्या सांध्याचे मी चाळीस हजार बारीक तुकडे पाडलेत, प्रत्येक तुकड्याला स्वतःचं तापमान आणि स्वतःचा ताण. सकाळी आठला आग लावायची आणि कॉफी प्यायला निघून जायचं. परत येईपर्यंत कळतं, सांधा टिकला की गेला.

टिकला. साठ मिनिटं भडका असून टिकला. तुळई मधोमध हातभर वाकली, पण दोन्ही टोकांना सांध्यांनी तिला धरून ठेवलं. मग मी आग बंद केली, तुळई निवायला लागली, आणि अठ्ठ्याण्णवाव्या मिनिटाला गणित बंद पडलं. पडद्यावर लाल अक्षरं : उत्तर जुळत नाही.

दर वेळी हेच. कधी सत्त्याण्णव, कधी शंभर. आगीत सगळं सुरळीत, आणि धोका टळल्यावर गणित रुसून बसतं. तुकड्यांची जाळी विणताना मी कुठेतरी घोळ घातलाय. तीन आठवडे शोधतेय, सापडत नाही.

सेऊ बेनिसियोंना, म्हणजे आमच्या बेनिसियोकाकांना, दाखवलं. ते आमच्या प्रयोगशाळेची खरी भट्टी तीस वर्षं सांभाळतात. चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि म्हणाले, "गणित रुसत नाही हो. रुसते ती माझी बायको."

"मग हे काय आहे?"

"मला काय ठाऊक. भट्टीत तास भरला की आपण वजन उतरवतो, भट्टी बंद करतो आणि घरी जातो. निवताना कोण बघत बसतंय? एकदा वजन उतरवायचं राहून गेलं होतं. सकाळी येऊन बघतो तर दोन बोल्ट खाली पडलेले. मुंडकी एकीकडे, धड एकीकडे."

"कधीची गोष्ट?"

"झाली असतील पंधराएक वर्षं. झाडून टाकले."

म्हाताऱ्या माणसांकडे अशा गोष्टी असतातच. उद्या जाळी नव्याने विणायला घेते.

१० ऑगस्ट, गुरुवार

सार्जंट ओतोनिएल आले. ते दर गुरुवारी येतात. शेजारच्या कोंताजेम गावातल्या बंबवाल्यांच्या तुकडीचे प्रमुख. मोठ्या आवाजाचा माणूस. हातात चीजच्या पावांची पिशवी, अजून गरम. आज बरोबर नायक हुद्द्याच्या एका जवानाला घेऊन आले होते. एलिएझेर नाव. सव्वीस वर्षांचा असेल. लांबट मान, बोलणं कमी.

"डॉक्टरीणबाई," सार्जंट म्हणाले, "तुमचा सिनेमा दाखवा याला. हा म्हणतो, लोखंड जळत नाही, मग पडतं कसं?"

माझा प्रबंध अजून पुरा व्हायचाय, मी डॉक्टर झालेले नाही, हे त्यांना पन्नास वेळा सांगून झालंय.

मी चित्रफीत लावली. निळी तुळई पिवळी होते, मग लाल, मग वाकते. एलिएझेर खुर्ची पुढे ओढून बघत होता. साठ मिनिटांवर मी थांबवली.

"पुढे काय होतं?" त्याने विचारलं.

"पुढे काही नाही. आग विझते."

"नाही, विझल्यावर."

"विझल्यावर थंड होतं," मी म्हटलं. सार्जंट मोठ्याने हसले. तोही हसला, कान लाल करून.

मग सार्जंटनी कामाचा प्रश्न काढला. त्यांचा कामाचा प्रश्न नेहमी शेवटी येतो. "आमचं खरं काम आग विझल्यावर असतं. ढिगारे उपसायचे, धुमसणारं शोधून काढायचं. आत कधी शिरायचं? वाट किती बघायची?"

मी सांगितलं की, पोलाद तापल्यावर मऊ होतं आणि निवलं की त्याची ताकद बरीचशी परत येते. म्हणजे सगळ्यात वाईट क्षण भडक्याचा. तो निघाला की प्रत्येक मिनिटाला इमारत बळकटच होत जाते. धूर निघून गेला की खुशाल जा.

"खुशाल?"

"खुशाल."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. आपलं बोलणं कोणी लिहून घेतलं की बरं वाटतं, हे कबूल करते.

१६ ऑगस्ट, बुधवार

अहवाल गेला! शेड बांधणाऱ्या त्या कंपनीसाठी. त्यांच्या शेकडो गोदामांत हाच सांधा आहे.

आलेखांची शेपटं मात्र अडचणीची होती. साठ मिनिटांनंतर रेघ खाली येते, मग अचानक वर उसळते आणि तुटते. माझे मार्गदर्शक प्राध्यापक लाउरोंनी कागद लांब धरून बघितला.

"हे काय?"

"गणिताची चूक आहे, सर. निवताना बिघडतं. सापडत नाहीये."

"विचारलंय काय आपल्याला? साठ मिनिटं टिकेल का. टिकतो ना?"

"टिकतो."

"मग साठवर काप. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं, जुरेमा. न विचारलेल्याचं दिलं की माणूस अडकतो."

साठवर कापले. आलेख काय देखणे दिसायला लागले! सरांनी स्वतःचं नाव घातलंच नाही, सही फक्त माझी. म्हणाले, "तीन वर्षं तू राबलीस, श्रेय तुझंच." असा मोठेपणा इथे कोण दाखवतो? आईला फोन करून सांगितलं. ती रडली.

२ सप्टेंबर, शनिवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

दुपारी बाजारात चीज आणि पेरूची वडी घेत होते. दुकानातल्या टीव्हीवर कोंताजेममधलं गाद्यांचं गोदाम जळताना दाखवत होते. काळा धूर. शेड बघताक्षणी ओळखली, त्याच कंपनीची. दोन वाजून दहा मिनिटांनी आग लागली म्हणत होते. तीनला आटोक्यात आली. छत जागच्या जागी होतं. माझा सांधा! मी तिथेच उभी राहून सेऊ बेनिसियोंना फोन केला. "बघताय का? पन्नास मिनिटं झाली, उभी आहे!" दुकानदारालाही सांगितलं की, ते मी मोजलंय. त्याने वडीचा तुकडा जास्तीचा घातला.

मी तिथेच रेंगाळले. मला ते बघत राहायचं होतं. बंबवाले आत गेले. वाफा येत होत्या, बाहेर कोणी पाइप गुंडाळत होतं. वार्ताहर बाई सगळं संपल्याच्या सुरात बोलत होती.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी छत खाली आलं.

आवाज आलाच नाही. टीव्ही लहान आवाजात लावलेला होता. नुसतं छत खाली आलं आणि बाईच्या पाठीमागे धूळच धूळ झाली. ती बोलता बोलता मागे वळली.

पिशवी तिथेच राहिली.

३ सप्टेंबर, रविवार

एलिएझेर गेला.

लांबट मानेचा. पुढे काय होतं म्हणणारा.

सार्जंट रुग्णालयात आहेत. उजवा पाय ढोपराखाली काढला.

दुपारी चारला पुरलं. मी दफनभूमीच्या फाटकापर्यंत गेले. गणवेशातल्या माणसांची रांग होती. आत जाववेना. त्याची आई दिसली, ठेंगणी बाई, चपला उलटसुलट घातलेल्या. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा येऊनही कोणी सांगितलं नसेल.

आग विझली होती. पोलाद निवत होतं. निवताना पडायचं काही कारणच नाही. मला समजत नाही. मला खरंच समजत नाही.

६ सप्टेंबर, बुधवार

सरांनी घरी बोलावलं, कॉफी दिली. किती काळजी करतात माझी. म्हणाले, दोन आठवडे रजा घे, या धक्क्यात काम करू नकोस. पत्रकारांशी बोलू नकोस, ते लचके तोडतील. माझ्या सगळ्या फायली त्यांनी स्वतःकडे सुरक्षित ठेवायला घेतल्या आणि प्रयोगशाळेच्या संगणकावरून पुसून टाकायला लावल्या, म्हणजे कोणी उगाच उचकापाचक करणार नाही. पुढच्या वर्षी विभागात एक जागा निघतेय, तिच्यासाठी माझं नाव सुचवणारं पत्रही लिहून तयार होतं.

"गोदामात काहीही झालं असेल," ते म्हणाले. "गंजलेले बोल्ट, हलक्या मालाचे बोल्ट. बांधणाऱ्यांनी काय लावलं, देव जाणे."

हो. तेच असेल. बोल्टच खराब असतील.

तीन दिवसांत आज पहिल्यांदा जेवले. घेवडा आणि भात.

९ सप्टेंबर, शनिवार

रुग्णालयात गेले. दारातूनच सार्जंट ओरडले, "या, डॉक्टरीणबाई! बूट विकायचाय एक, नवाकोरा, उजव्या पायाचा." शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. मी हसले नाही. त्यांनी मला स्टूल दाखवलं.

मग आपणहून बोलायला लागले.

"मी पोरांना सांगितलं, चला, प्रत्येक मिनिटाला बळकट होतंय. तुमचेच शब्द. एलिएझेर म्हणाला, सार्जंट, थोडं थांबू या का? मी म्हटलं, तू बाईंपेक्षा शहाणा का?"

मला पाणी मागावंसं वाटलं, पण पाणी त्यांच्या उशाशी होतं.

"मी तुम्हाला बोल लावत नाहीये," ते म्हणाले. "विचारतोय. तुम्ही शिकलेल्या आहात. असं का झालं?"

"बोल्ट खराब असतील," मी म्हटलं.

"असतील." त्यांनी मान हलवली. "एक आवाज झाला आधी. वर कुठेतरी, गोळी झाडल्यासारखा. मग जरा वेळाने दुसरा. मग मोजता येईनात. मला कळलंच नाही हो, तो कसला आवाज. कळलं असतं तर ओरडलो असतो."

बाहेर बसथांब्यावर दोन बस सोडल्या. आग विझली तीनला. छत पडलं तीन चाळीसला.

चाळीस मिनिटं.

माझी आग विझते साठाव्या मिनिटाला. गणित बंद पडतं अठ्ठ्याण्णवाव्या.

११ सप्टेंबर, सोमवार

रजेवर असूनही सकाळी साडेसातला प्रयोगशाळेत गेले. संगणकावर काहीच नाही, मीच पुसलेलं. सरांना फोन केला, उचलला नाही. मी भट्टीजवळ जमिनीवर बसले.

सेऊ बेनिसियोंनी कपाटातून कागदांचा गठ्ठा आणून पुढ्यात ठेवला. माझे टाकून दिलेले छापील कागद. कोऱ्या बाजूला ते भट्टीच्या नोंदी लिहितात. "कागद वाया घालवत नाही मी," म्हणाले. "उलटे करून बघा."

सगळेच्या सगळे होते. सदतीस आलेख, शेपटांसकट.

एकेक जमिनीवर मांडला. आगीत तुळई फुगायला बघते, खांब तिला फुगू देत नाहीत, म्हणून ती मऊ होऊन वाकते आणि तिची लांबी कायमची हरवते. निवताना ती आखडते. आता ती तोकडी पडलेली असते, आणि दोन्ही बाजूंचे खांब स्वतःकडे ओढायला लागते. सगळी ओढ येते बोल्टांवर. भाजून निघालेल्या बोल्टांची ताकद पुरती परत आलेली नसते. ओढ वाढत जाते, वाढत जाते, आणि बोल्ट तुटतो. बोल्ट तुटल्यावर गणित काय जुळवणार? जुळवायला दुसरं टोकच उरत नाही.

गणित चुकत नव्हतं. सदतीस वेळा तो संगणक मला एकच गोष्ट सांगत होता, मिनिटासकट सांगत होता, आणि मी त्याची जाळी दुरुस्त करत बसले होते. शेवटी शेपूटच कापून टाकलं.

बोल्ट चांगले होते. अगदी चांगले होते.

मी कागद गोळा करायला लागले. सेऊ बेनिसियो माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. त्यांचा हात लोखंडासारखा जड आहे. "मीही झाडून टाकले होते ना ते दोन," एवढंच म्हणाले.

१४ सप्टेंबर, गुरुवार

सरांकडे गठ्ठा घेऊन गेले. वाटलं होतं, त्यांनाही माझ्यासारखाच धक्का बसेल. त्यांनी दार लावलं.

"यातलं मला काहीच नवीन नाही," ते म्हणाले. "परदेशातले लोक यावर लिहितात. पण नियम निवण्याबद्दल विचारत नाही, कंपनीही विचारत नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"शक्यता माहीत असणं वेगळं."

"मग मला का नाही सांगितलंत? मी तीन आठवडे चूक शोधत होते, सर!"

"अहवालावर सही तुझी आहे, जुरेमा. फक्त तुझी. हे कागद बाहेर गेले तर बुडशील ती तू." आवाज अजिबात चढला नाही. कॉफी विचारली, मला दूध लागत नाही हेसुद्धा त्यांच्या लक्षात होतं.

तिथून सरळ अग्निशमन दलाच्या चौकशी अधिकाऱ्यांकडे गेले. गठ्ठा टेबलावर ठेवला. पहिल्या पानावर लिहून दिलं : "विझल्यावर आत जायला हरकत नाही, असं सार्जंट ओतोनिएल यांना मी सांगितलं. ते चूक होतं. अहवालातले आलेख मी कापले." अधिकारी बाईंनी दोनदा वाचलं आणि विचारलं, वकील आहे का. मी म्हटलं, नाही. म्हणाल्या, बघा एखादा.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

महिनाभर वहीला हात लावला नाही. अहवाल कंपनीने नाकारला, विभागाने मला काढलं, जबाब दोनदा झाला. सरांना कोणी बोलावलं की नाही, ठाऊक नाही. त्या शेडी अजून उभ्या आहेत, त्यांच्यात माणसं काम करतात.

आज चौकशी समितीच्या हुकमावरून खऱ्या भट्टीत खरा सांधा घातला. भट्टी सेऊ बेनिसियोंनी पेटवली. मला काचेमागे उभं राहायची परवानगी होती, हात लावायची नाही. साठ मिनिटं काहीच झालं नाही. समितीतला एक जण जांभई देऊन म्हणाला, "टिकला की!" सेऊ बेनिसियोंनी आग बंद केली, वजन मात्र तसंच ठेवलं, आणि स्टूल ओढून बसले. "आज कोणी घरी जायचं नाही," म्हणाले.

दहा मिनिटं. वीस. तुळईचा लाल रंग उतरून करडा झाला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आता हिला काही होत नाही. माणसं मोबाइल बघायला लागली. तीस मिनिटं.

सदतिसाव्या मिनिटाला फाडकन आवाज झाला. काच थरथरली. एक बाई किंचाळून खाली बसली. वाट बघत असूनही मी एक पाऊल मागे सरले. अकरा सेकंदांनी दुसरा. मग लागोपाठ तीन, आणि तुळई भट्टीच्या तळाला आदळली.

पहिल्या आवाजापासून पडेपर्यंत एकोणीस सेकंद.

जांभई देणारा माणूस भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पांढराफटक. अधिकारी बाई म्हणाल्या, "आवाज नोंदवलाय ना?" नोंदवला होता.

२८ ऑक्टोबर, शनिवार

एलिएझेरच्या आईने निरोप धाडून बोलावलं. सगळे त्यांना दोना नाइर, म्हणजे नाइरबाई, म्हणतात. दोन खोल्यांचं घर, अंगणात कोंबड्या. मी काय काय बोलायचं ते ठरवून गेले होते. त्यांनी बोलूच दिलं नाही. बसवलं, कॉफी दिली, मक्याचा केक दिला.

"तुम्ही फाटकाशी उभ्या होतात," त्या म्हणाल्या. "आत का नाही आलात?"

"तोंड नव्हतं मला."

"हं." त्यांनी केकची बशी माझ्याकडे सरकवली. "सार्जंट म्हणत होते, तुमच्याकडे तो आवाज आहे. ऐकवा."

मी नाही म्हटलं. त्यांनी माझा मोबाइल उचलून माझ्या हातात दिला. शेवटी लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदाही.

"पहिल्यापासून पडेपर्यंत किती?"

"एकोणीस सेकंद."

"पुष्कळ झाले की." त्या उठून दाराशी गेल्या, तिथून अंगणाच्या फाटकापर्यंत नजर टाकली, जणू अंतर मोजत होत्या. "माझं पोर एकोणीस सेकंदांत त्या वळणापर्यंत गेलं असतं. पळण्यात पहिला नंबर होता त्याचा."

मी रडायला लागले. त्यांनी थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही.

"पण तो पळाला नसता," त्या म्हणाल्या. "कुठे खुट्ट झालं की हा तिकडे धावायचा. शेजारी भांडं पडलं तरी. असा आवाज झाल्यावर तो बघायला गेला असणार, कोण अडकलंय का." मग माझ्याकडे वळल्या. "त्यांना शिकवा. नुसता आवाज ऐकवू नका. पळायला शिकवा."

६ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दहाला कोंताजेमच्या ठाण्यात गेले. सार्जंट कुबड्यांवर आले होते. विनोद केला नाही. चाळीस जवान पत्र्याच्या मोठ्या खोलीत ओळीने उभे होते, दोन्ही दारं सताड उघडी. कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. मी भिंतीवरच्या मोठ्या कर्ण्याला आवाज जोडला आणि लावला.

फाडकन झालं. चाळीसच्या चाळीस माना कर्ण्याकडे वळल्या. पुढच्या ओळीतला एक जण दोन पावलं तिकडे निघालाही. अकरा सेकंद. दुसरा. अजून दोघे निघाले. मग शेवटचे तीन, आणि तुळई आदळल्याचा आवाज. दाराकडे एकही जण गेला नव्हता.

कर्ण्याखाली तिघे उभे होते, वर बघत.

"तुम्ही सगळे मेलात," सार्जंट म्हणाले. आवाज फुटत होता त्यांचा. "ओळीत उभे राहा. बाई, परत लावा."

मी परत लावला.